वडिलांचा हिशेब मुलाला पुरणार नाही

१ नोव्हेंबर २००५ या तारखेने महाराष्ट्रातील शाळा-कचेऱ्यांत काम करणाऱ्यांचे दोन वर्ग पाडले. त्या दिवसापूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकास व लिपिकास १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांचे छत्र आहे. त्या दिवशी वा नंतर रुजू झालेल्यास ते नाही. जाहिरात आधीची पण नेमणूक नंतरची, अशा कर्मचाऱ्यांस २०२४ साली शासनाने जुन्या योजनेचा पर्याय दिला. परंतु तो अपवाद होय. तुमसर असो, पवनी असो वा साकोली, भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही शिक्षककक्षात आज हे दोन वर्ग एकाच मेजाभोवती बसतात. विषय एक, पगारपत्रक एक, फळ्यावरचा खडूही एक. अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचे आयुष्य मात्र निरनिराळे.

या भेदावर गेली काही वर्षे पुष्कळ बोलले गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगाव पोचली आणि १४ ते २० मार्च २०२३ या सात दिवसांत राज्यभर संप झाला. त्या मागणीतील न्याय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या गदारोळात प्रश्नाची दुसरी बाजू झाकली गेली. निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली. घरातील खर्चाची पद्धत मात्र बदलली नाही. शिक्षकाचा मुलगा शिक्षक झाला, त्याने वडिलांची नोकरी घेतली, वडिलांच्या संसाराची रीतही घेतली. पण ती रीत ज्या पायावर उभी होती तो पाया त्याच्या पायाखाली नाही. खरी काळजी या ठिकाणी आहे.

जुना हिशेब कसा होता?

सत्तरच्या वा ऐंशीच्या दशकात नोकरीस लागलेल्या शिक्षकाची रीत ठरलेली होती. पगार बेताचा; त्यातून भविष्य निर्वाह निधीची कपात व्हावयाची. मुलीचे लग्न ठरले की त्या निधीतून उचल घ्यावयाची, घर बांधावयास काढले की पुन्हा उचल घ्यावयाची. गावाकडील धानाच्या बांधीत वर्षाचे तांदूळ पिकत. निवृत्त होताना उपदान, रजेचे पैसे, गट विम्याची रक्कम आणि अंशराशीकरणाचे पैसे एकदम हाती येत, त्यातून राहिलेले कर्तव्य पार पडे. धाकट्या मुलीचे लग्न असो, मुलाचे दुकान असो, की भंडाऱ्यास घेतलेला भूखंड असो, ही सारी रक्कम वर्ष-दीड वर्षात संपून गेली तरी घर कोलमडत नसे. कारण पहिल्या तारखेस निवृत्तिवेतन येत होते. अंतिम वेतनाच्या निम्मे, त्यावर महागाई भत्ता, वेतन आयोग आला की त्यात सुधारणा, आणि पश्चात पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन. अशा माणसाने एकरकमी पैसा कसाही खर्च केला तरी ती चूक पोटाला चिमटा काढीत नसे.

या पद्धतीस अविचारी म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्या काळच्या व्यवस्थेशी सुसंगत होती. शासनाने म्हातारपणाची हमी घेतली होती, म्हणून कुटुंबाने आपला पैसा लग्न, घर व शिक्षण यांत घातला. हमी गेली तेव्हा ही सुसंगती मोडली.

नव्या पिढीच्या हाती काय आहे?

२००५ नंतरच्या कर्मचाऱ्याच्या वेतनातून दहा टक्के कपात होते. शासनाचा हिस्सा प्रथम तितकाच होता, आता तो चौदा टक्के आहे. २०१५ पासून ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत गेली. निवृत्तीच्या वेळी साचलेल्या रकमेतून जास्तीत जास्त साठ टक्के रोख घेता येते. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यावी लागते. ही वार्षिकी महागाईबरोबर वाढत नाही. शिवाय या कर्मचाऱ्यास जुना भविष्य निर्वाह निधी नाही. वडील मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्याच साठ्यातून उचल घेत. मुलगा त्याच लग्नासाठी पगारदार पतसंस्थेचे कर्ज घेतो. वरून पाहता दोघांनीही एकच गोष्ट केली. एकाने आपली शिल्लक वापरली, दुसऱ्याने पुढील सात-आठ वर्षांचा पगार गहाण टाकला.

संपानंतर परिस्थिती काहीशी पालटली, हे नमूद केले पाहिजे. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू केली. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या पन्नास टक्के, त्यावर महागाईची वाढ, आणि पश्चात जोडीदारास त्याच्या साठ टक्के अशी तरतूद आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २००४ नंतर लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. राज्य शासनानेही २०२४ मध्ये सुधारित योजनेचा पर्याय पुढे केला. परंतु पर्याय म्हणजे हमी नव्हे. केंद्राच्या योजनेत साचलेल्या निधीतून जितकी रक्कम रोख उचलावी त्या प्रमाणात महिन्याचे वेतन कमी होते. सेवा अपुरी भरली तर टक्केवारी घटते. आणि सेवा अपुरी भरणाऱ्यांची संख्या या पिढीत थोडी असणार नाही. कारण २०१२ पासून काही वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळजवळ थांबली होती. पात्रता मिळवूनही पस्तिशीच्या उंबरठ्यावर नेमणूक मिळालेला शिक्षक, पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाच्या मानधनावर काढून, नियमित वेतनावर किती वर्षे राहणार? जेमतेम वीस-बावीस.

ठोक रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे

एकदम हाती येणारी रक्कम आणि महिन्याकाठी येणारे उत्पन्न यांतील फरक भंडारा जिल्ह्यास निराळा शिकवावयास नको. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. ३७२ कोटींचा म्हणून आरंभलेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला आणि पवनी व भंडारा परिसरातील तसेच शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली. जमिनीचा मोबदला मिळाला. पुढे २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज झाले, तेही नोकरीऐवजी रोख या स्वरूपाचे. मोबदला पुरेसा होता की नव्हता हा वाद वेगळा, आणि प्रकल्पग्रस्तांची तक्रार खोटी नाही. येथे मुद्दा इतकाच की, शेत दर वर्षी पीक देत होते आणि त्याच्या जागी जे आले ते एकदाच येणारे होते. त्या रकमेतून दुसरी जमीन वा दुसरा धंदा उभा राहिला तेथे घर तरले. जेथे ती घरबांधणी, लग्नकार्य आणि जुनी देणी यांत वाटली गेली तेथे काही वर्षांत शेतही नाही आणि पैसाही नाही अशी गत होणे अटळ होते. यात कोणाचा दोष काढण्यासारखे नाही. दारिद्र्यात साचलेल्या गरजा पैसा येताच तोंड उघडून उभ्या राहतात.

निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची ठोक रक्कम हेही त्याचे बुडालेले शेतच होय. तीस वर्षांची कमाई एका महिन्यात खात्यावर जमा होते. तीस लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेसतरा हजार येतात. त्यांतील बारा लाख एका लग्नात व वरच्या मजल्यात गेले की उरलेल्या अठरा लाखांचे साडेदहा हजार उरतात. सात हजारांची ही घट एका दिवसाच्या मांडवाची नव्हे, ती उरलेल्या सबंध आयुष्याची आहे. साठी गाठलेला माणूस या देशात सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे जगतो. कित्येक जण पंचवीस वर्षे जगतात. सहा टक्के महागाई धरली तर दर बारा वर्षांनी खर्च दुप्पट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी तीस हजारांत चालणाऱ्या घरास सत्तराव्या वर्षी साठ हजार लागतील आणि ब्याऐंशीव्या वर्षी एक लाख वीस हजार. न वाढणाऱ्या वार्षिकीवर विसंबणाऱ्याने हा पाढा एकदा तरी म्हणून पाहावा.

तळे, पाळ आणि पाण्याची वाटणी

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण सगळीकडे म्हटली जाते. तलावांच्या या जिल्ह्यात ती लोकांनी प्रत्यक्ष बांधून ठेवली आहे. कोहळी समाजातील जाणत्यांनी गोंड राजवटीपासून येथे तलाव उभारले. पूर्वी याच जिल्ह्यात असलेला आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध हा त्यांतील नामांकित. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणून शासनाकडे आले. म्हण जे सांगत नाही ते हे तलाव सांगतात. पाणी साचणे हा कामाचा तिसरा हिस्सा झाला. पाळ दर वर्षी दुरुस्त करावी लागते. आणि पाणी केव्हा, कोणाला, किती सोडावयाचे याची शिस्त असावी लागते. भाद्रपदात पावसाने ओढ दिली की लोंबीवर आलेल्या धानास ते पाणी हवे असते. आषाढातच तलाव फोडणाऱ्या गावाचे धान भाद्रपदात वाळते. पाळीकडे दुर्लक्ष झाले आणि तळाशी गाळ साचला तेव्हा यांतील कित्येक तलावांची काय अवस्था झाली, हे जिल्हा पाहतो आहे. कुटुंबाच्या शिलकीलाही ही तिन्ही अंगे आहेत: साठवण, राखण आणि वाटणी.

साठवणीचा काळ म्हणजे नोकरीची पहिली वर्षे. नेमका तोच काळ दवडला जातो. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा व उच्च माध्यमिकला वीस हजार झाले. त्यात काय उरणार, असा प्रश्न रास्त आहे. परंतु नियमित वेतनश्रेणी मिळताच पहिली खरेदी मोटारगाडीची होते, हेही खरे. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत दरमहा दोन हजार रुपये सात टक्क्यांनी साठविले तर सुमारे एकतीस लाख होतात. तीच सुरुवात पस्तिसाव्या वर्षी केली तर साडेतेरा लाखांच्या आसपास होतात. आधीच्या दहा वर्षांत भरलेले पैसे फक्त दोन लाख चाळीस हजार. फरक पडला सतरा लाखांहून अधिक. हे गणित शिकविणाऱ्या शिक्षकास चक्रवाढ व्याज सांगण्याची आवश्यकता नसावी. पण पुस्तकातील चक्रवाढ आणि पासबुकातील चक्रवाढ यांची ओळख क्वचितच होते. उशिरा नेमणूक मिळालेल्यास ही गेलेली दहा वर्षे परत मिळणार नाहीत. त्याला रक्कम वाढवूनच ती भरून काढावी लागेल.

विवाह आणि पहिले मूल हा दुसरा टप्पा. या वळणावर गुंतवणुकीपेक्षा संरक्षण महत्त्वाचे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. सकाळी कामावर गेलेला कर्ता माणूस संध्याकाळी परत येत नाही, ही गोष्ट या जिल्ह्याने पाहिली आहे. विमा हा बचतीचा प्रकार समजून थोड्या रकमेच्या तीन-चार पॉलिस्या घेण्याची चाल आहे. परिणामी हप्ता मोठा आणि मृत्यूनंतर मिळणारी रक्कम लहान. ज्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही असा निव्वळ जोखमीचा विमा लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो. पण तरुण कुटुंबास अल्प हप्त्यात मोठा आधार तोच देतो. नामनिर्देशनाचेही तसेच. लग्नापूर्वी वडिलांचे नाव लिहिले ते वीस वर्षे तसेच राहते, आणि मग विधवेस कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. शिवाय नामनिर्देशित व्यक्ती सर्वसाधारणपणे रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. म्हणून मृत्युपत्रही हवे.

तिसरा टप्पा चाळिशीचा, आणि तो सर्वांत कठीण. मुलांचे शिक्षण नागपूर-पुण्याकडे खेचते, गृहकर्जाचा हप्ता चालू असतो, आई-वडिलांच्या दुखण्यासाठी नागपूर गाठावे लागते. येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षणासाठी कर्ज मिळते, घरासाठी मिळते. म्हातारपणाच्या खर्चासाठी कर्ज तसे सहजासहजी मिळत नाही. म्हणून निवृत्तीची शिल्लक मोडून मुलाचे शुल्क भरणे हे प्रेम वाटले तरी वीस वर्षांनी त्याच मुलावर भार टाकणे होय. लग्नाचा खर्च तर याही तर्कात बसत नाही. मानपानासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते नवरा-नवरीचे मूल शाळेत जाऊ लागले तरी संपत नाहीत.

राखण आणि राखणदार

साठविलेले राखणे हे निवृत्तीनंतरचे मुख्य काम. मोठी रक्कम खात्यावर आल्याची वार्ता गावात लपत नाही आणि दुप्पट करून देणारे ओळखीचे चेहरे दारात येतात. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी गोळा केलेला पैसा परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दिला. पर्ल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएलला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये तसाच आदेश दिला. २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली. आदेशानंतर इतकी वर्षे लोटली तरी ठेवीदारांची कागदपत्रे जुळविणे संपलेले नाही. या योजनांचे दलाल परके नव्हते. भाचा, शेजारी, जुना विद्यार्थी असेच ते होते, म्हणून विश्वास बसला. टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख आहे. तेथील व्याजाहून फार अधिक देऊ करणाऱ्यास ‘हे कोठून देणार?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. समाधानकारक उत्तर नसेल तर दार लावून घ्यावे.

दुसरा धोका संकोचाचा. सहकाऱ्याच्या कर्जास जामीन राहणे ही शाळा-कचेऱ्यांतील जुनी माणुसकी आहे. परंतु जामीनदाराची सही ही साक्ष नव्हे, देणे आहे. कर्जदाराने हप्ते थकविले की कपात जामीनदाराच्या पगारातून होते. आपल्याला जितके फेडणे शक्य आहे तितक्याच रकमेस जामीन राहावे, हा नियम मैत्रीस मारक नाही.

तिसरी गोष्ट घरातील मौनाची. पगार किती, कर्ज किती, पॉलिसी कोठे, हे पत्नीस ठाऊक नसते. ती स्वतः नोकरी करीत असली तरी कित्येकदा नसते. पती-पत्नींनी वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, सारे कागद समोर मांडून बसावे. मोठ्या मुलांनाही बसवावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलास घरची खरी मिळकत कळली तर त्याच्या मागण्यांस आपोआप मोजमाप येते.

ज्यांना काहीच नाही

ही चर्चा पगारदारांची झाली. जिल्ह्यातील बहुसंख्य घरांना पहिली तारीखच नाही. विडी वळणाऱ्या बाया, धानाचा शेतकरी, विनाअनुदानित शाळेतील तुटपुंज्या मानधनाचा शिक्षक यांचे काय? कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्यांच्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरविण्यात आले, आणि त्यात महिना निघत नाही हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. अठरा ते चाळीस वयाच्या व आयकर न भरणाऱ्या माणसास २०१५ ची अटल पेन्शन योजना खुली आहे. साठीनंतर महिना एक ते पाच हजार मिळतात. पाच हजारांचे वीस वर्षांनी काय मोल राहील हा प्रश्न उरतोच, तरी काहीच नसण्यापेक्षा ते बरे. गावातील शिक्षकाने आणि बँकेतील लिपिकाने शेजारच्या मजुरास हा अर्ज भरून दिला तर ते समाजकार्यच ठरेल.

शासनास मात्र यातून सुटका नाही. कपात झालेल्या पैशाचा हिशेब वर्षानुवर्षे न मिळाल्याची शिक्षकांची तक्रार जुनी आहे. तो प्रत्येकास दर वर्षी वेळेवर मिळालाच पाहिजे. कोणत्या पर्यायात किती वेतन बसेल, हे कर्मचाऱ्यास त्याच्या स्वतःच्या आकड्यांनिशी सांगणारी व्यवस्था प्रत्येक कोषागारात हवी. परिपत्रकाच्या भाषेतून आयुष्यभराचा निर्णय घेण्यास माणसास भाग पाडणे योग्य नव्हे. शाळेच्या गणितात कर्जाचा हप्ता, महागाई व विमा हे विषय उदाहरणांपुरते न राहता मन लावून शिकविले गेले पाहिजेत.

संघटनांनी लढा चालू ठेवावा. तो त्यांचा हक्क आहे. परंतु लढ्याचा निकाल लागेपर्यंत महागाई थांबणार नाही, आणि वयही थांबणार नाही. २००५ नंतर तरुणपणी रुजू झालेल्यांच्या पहिल्या तुकड्या येत्या काही वर्षांत निवृत्त होऊ लागतील. त्यांच्यापुढे वडिलांचा संसार आदर्श म्हणून आहे. तो आदरणीय आहे, पण त्याचे जमाखर्चाचे पान आता उतरून घेण्यासारखे राहिलेले नाही. नवे पान प्रत्येक घराने स्वतः आखावयाचे आहे, आणि ते नोकरीच्या शेवटच्या वर्षात आखून भागणार नाही.